वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेली गाडी आणि पहिला ट्रॅक डे

दोन-तीन वर्षांचे रविवार खर्ची घालून बांधलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारते आणि मालकाला ट्रॅक डेचे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाचे, वेध लागतात. या विषयावरच्या पत्रांत लॅप टाइमचे (एका फेरीला लागणाऱ्या वेळेचे) प्रश्न बरेच होते, ते बाजूला ठेवले आहेत. पहिल्या ट्रॅक डेला घड्याळ घरी ठेवलेलं बरं.

प्रश्न : जुन्या स्विफ्टचं इंजिन आणि गिअरबॉक्स मागे बसवून पाइपांची चासी बनवली आहे. स्विफ्टचं आरसी बुक आमच्याच नावावर आहे. तीच नंबरप्लेट लावून गाडी चालवत ट्रॅकपर्यंत नेली तर? — वाचक, चिंचवड

नाही चालणार. कागदोपत्री गाडीची ओळख चासी नंबरवर ठरते, आणि स्विफ्टची चासी तर तुमच्या गाडीत नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि कलम ३९ प्रमाणे विनानोंदणी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ नुसार एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घ्यावी लागते. ही संस्था आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच आहे, पण जवळ आहे म्हणून खर्च कमी होत नाही. गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवा आणि फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) न्या.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आपल्या नवले पुलावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ लाच लागून आहे. अंतर साधारण ११५० किलोमीटर. कोइम्बतूरचा कारी ट्रॅकही याच पल्ल्यातला. फ्लॅटबेडवर गाडी बांधताना पट्टे चासीला बांधू नका, चाकांना बांधा. चासीला बांधले की खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर, म्हणजे शिरवळच्या आसपास, थांबून पट्टे ताणणारे सगळे रॅचेट पुन्हा ओढा. वाटेतल्या नुकसानीचा विमा वेगळा काढा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्या खिशातून.

प्रश्न : इंजिन मागे आहे. मागच्या चाकांना स्विफ्टचे पुढचे हब आणि डिस्क, पुढे अल्टोचे. जोरात ब्रेक मारला की गाडी शेपूट फिरवते. चार-पाच वेळा सलग ब्रेक मारले की पेडल मऊ पडतं. मेकॅनिक म्हणतो, हवा काढू. — वाचक, कोथरूड

हे दोन वेगळे दोष आहेत. हवा काढून पहिला जाणार नाही, दुसराही कदाचित नाही.

आधी शेपटाचं बघू. तुमची गाडी चालकासह ६८० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३०० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ४५० मिमी धरू. इंजिन मागे असल्याने उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ४२ टक्के म्हणजे २८६ किलो येतं. ०.८ जी च्या ब्रेकिंगमध्ये (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) सुमारे १०६ किलो मागून पुढे सरकतं आणि पुढचा भार ३९२ किलो, म्हणजे ५८ टक्के होतो. पुढच्या ब्रेकने त्याहून थोडं जास्तच काम करायला हवं. तुमच्याकडे ब्रेकचा मोठा पिस्टन आणि मोठी डिस्क मागे आहे. हलकं झालेलं मागचं चाक आधी लॉक होणार आणि गाडी गोल फिरणार.

उपाय म्हणून मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालतात. त्याआधी नळ्या कशा जोडल्यात ते तपासा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइल दाबणाऱ्या सिलिंडरच्या) दोन लाइन तिरक्या असतात: एक पुढचं डावं-मागचं उजवं, दुसरी उलट. त्या तशाच ठेवल्या तर मागची स्वतंत्र लाइनच उरत नाही, मग व्हॉल्व्ह लावणार कुठे? एक लाइन पुढच्या दोन्ही चाकांना आणि एक मागच्या दोन्ही चाकांना, अशा नळ्या नव्याने टाका.

मग परवानगी काढून एखाद्या कारखान्याचं सपाट, वाळू नसलेलं काँक्रीटचं आवार गाठा. टायरच्या बाजूवर खडूने जाड रेघ मारा, म्हणजे चाक थांबलं की लांबूनही कळतं. व्हॉल्व्ह मागचा दाब सगळ्यात कमी राहील असा ठेवून ४० च्या वेगाने सरळ जोरात ब्रेक मारा. बाजूला उभा असलेला माणूस कोणतं चाक आधी थांबलं ते सांगेल. मागचा दाब एकेक फेरा वाढवत जा. मागची चाकं आधी लॉक झाली की दोन फेरे मागे या आणि तिथे रंगाचा ठिपका द्या. व्हॉल्व्ह कमीतकमीवर असतानाही मागचीच चाकं आधी लॉक होत असतील तर आणखी फिरवून उपयोग नाही. हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबाच्या वरचाच भाग कापतो. अशा वेळी मागे लहान पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) घालावे लागतात.

आता मऊ पेडल. गरम झाल्यावरच मऊ पडत असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पण पाणी शोषल्यावर तो १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे ऑइल हवेतलं बाष्प ओढतं. पुण्याचा एक पावसाळा गॅरेजात अर्धवट उघडा राहिलेला डबा टाकूनच द्या. सीलबंद डॉट ५.१ आणा आणि जुनं पूर्ण निघेपर्यंत चारही चाकांतून वाहू द्या. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही.

पेडल थंड असतानाही मऊ असेल तर मात्र हवा अडकली आहे, आणि घरी बांधलेल्या गाड्यांत त्याचं एक ठरलेलं कारण आहे. पुढचे कॅलिपर मागे लावताना डावं-उजवं बदलतं आणि हवा काढायचा निपल खाली जातो. हवा वर राहते, निपलमधून नुसतं ऑइल येत राहतं, आणि मेकॅनिक तासभर पेडल मारत बसतो. कॅलिपर सोडवा, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची फळी धरा, निपल आकाशाकडे करा आणि मग हवा काढा.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, हा तिसरा प्रकार. त्यात दोष पॅडचा, ऑइलचा नाही.

प्रश्न : बाइकचे चार मिकुनी कार्बोरेटर लावलेत. पुण्यात गाडी मस्त ट्यून झाली आहे. चेन्नईत काही बदलावं लागेल का? — वाचक, हडपसर

बघावं लागेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब सहा-साडेसहा टक्के कमी. खाली गेलात की हवा दाट होते, कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही आणि मिश्रण पातळ पडतं. चेन्नईचा उकाडा थोडी भरपाई करतो: तापमान १० अंशांनी वाढलं की हवा तीन टक्के विरळ होते. तरीही पूर्ण थ्रॉटलवर (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून) पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला भोक. सध्याच्या मेन जेटपेक्षा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या मुख्य छिद्रापेक्षा) एक आणि दोन पायऱ्या मोठ्या जेटचे संच सोबत ठेवा आणि मोठ्यापासून सुरुवात करा. पूर्ण थ्रॉटलवरून इंजिन बंद करून गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) घरंगळत आणा आणि प्लग काढून बघा. पांढरा फटक असेल तर पातळ, काळा काजळीचा असेल तर जाड.

इंजेक्शन असून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅप सेन्सरवर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजून, चालत असेल तर तो स्वतः जुळवून घेतो. नुसत्या थ्रॉटलच्या कोनावर ट्यून केला असेल तर कार्बोरेटरचीच गत.

प्रश्न : ऑइल प्रेशरसाठी स्विफ्टचा मूळ लाल दिवा आहे. तेवढा पुरेल का? — वाचक, सिंहगड रस्ता

तो दिवा प्रेशर साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. तोवर बेअरिंग गेलेलं असतं. वळणावर १ जी बाजूला बसला तर इंजिनाखालच्या चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशात तिरका होतो, ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. लांबलचक वळणावर हे दोन-तीन सेकंद टिकलं तरी पुरे.

चेंबरमध्ये पिकअपभोवती दीड-दोन मिमी पत्र्याच्या आडभिंती घाला. ऑइल आत येईल पण बाहेर जाणार नाही, अशी एका बाजूने उघडणारी दारं त्यांना ठेवा. डिपस्टिक आणि ड्रेनचं बूच अडवू नका. वेल्डिंगनंतर चेंबर बाहेरून खडूने पांढरा करा, आत रॉकेल ओता आणि रात्रभर ठेवा. जिथे गळतं तिथे सकाळी खडू ओला दिसतो. रॉकेल आता मिळत नाही म्हणाल, डिझेलनेही काम होतं. वेल्डिंगचा एकही कण आत राहू देऊ नका.

ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. प्रेशरचं घड्याळ लावा आणि त्याशिवाय १.४ बारला पेटणारा स्विच लावून त्याचा मोठा दिवा डोळ्यांसमोर बसवा, कारण वळणावर घड्याळाकडे कोणी बघत नाही. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा आजही ठीक आहे. वळणात दिवा लागला की पाय काढा आणि आत या.

प्रश्न : अलाइनमेंटवाले गाडी घेत नाहीत. म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये हे मॉडेलच नाही. — वाचक, धायरी

तंगूस आणि चार स्टँडवर काम होतं, आणि बऱ्याचदा जास्त चांगलं होतं.

जमीन सपाट आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने बघा. जिथे चाक खाली आहे तिथे प्लायचे तुकडे घाला. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून राहणार नाही. सीटवर तुमच्या वजनाइतकी पोती ठेवा, स्टिअरिंग सरळ बांधून टाका. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर तंगूस ताणा. दोन्ही तंगुसांमधलं अंतर पुढे-मागे सारखं हवं, आणि प्रत्येक अॅक्सलला हबपासून डावं-उजवं अंतर सारखं हवं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा ३० मिमी जास्त असेल तर मागे तंगूस १५ मिमी जवळ दिसेल, त्याने गोंधळू नका.

आता स्टीलच्या पट्टीने रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून तंगुसापर्यंत मोजा. पुढची कड जास्त लांब असेल तर टो-इन, म्हणजे चाक पुढे आत वळलेलं; उलट असेल तर टो-आउट. मागे प्रत्येक चाकाला दीड मिमी टो-इन द्या, पुढे शून्य. मागे टो-आउट चुकूनही नको. पुढचे हब मागे लावले असतील तर त्यांना स्टिअरिंगचा हात असतो आणि तो एका दांडीने चासीला बांधलेला असतो. त्या दांडीचा लॉकनट सैल झाला तर मागचं चाक आपणहून वळेल. नट घट्ट केल्यावर नट आणि दांडी या दोन्हींवरून जाणारी रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय.

प्रश्न : चार बिंदूंचा बेल्ट स्वस्त मिळतोय. घ्यावा का? — वाचक, निगडी

घेऊ नका. पायांमधला पट्टा नसेल तर धक्क्यात खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून निसटतो. सहा बिंदूंचा घ्या. पत्र्याला बांधत असाल तर मागे किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि ३ मिमी जाडीची प्लेट हवी. मुख्य रोल हूप (डोक्यामागची पाइपची कमान) एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, नियमाप्रमाणे ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी सीमलेस पाइपचा, आणि हेल्मेट त्याच्या वरच्या कडेपासून किमान पाच सेंटिमीटर खाली.

प्रश्न : ट्रॅकवरच्या तपासणीत घरी बांधलेल्या गाड्या कशावर अडतात? आणि पहिल्या सेशनमध्ये किती चालवावी? — वाचक, तळेगाव

सगळ्यात जास्त किल स्विचवर (गाडी तात्काळ बंद करणाऱ्या स्विचवर). फक्त बॅटरी तोडणारा साधा स्विच लावला तर इंजिन अल्टरनेटरवर चालूच राहतं. इग्निशनही तोडणारा स्विच घ्या आणि इंजिन ३००० वर असताना बंद करून बघा. ते लगेच मेलं पाहिजे. त्यानंतर इंजिनाच्या श्वासनळीतून येणारं ऑइल धरणारा पारदर्शक कॅच टँक (दोन हजार सीसीपर्यंत २ लिटर), थ्रॉटलला दोन स्प्रिंग, धातूच्या पट्ट्याने बांधलेलं अग्निशामक आणि पुढे-मागे ठळक रंगाचे टो हूक. पुढच्या रेडिएटरचा पंखा हवा मागे ढकलतोय ना, तेही बघा. दोन वायरी उलट जोडल्या की तो समोरून येणाऱ्या हवेशीच झगडतो.

टायरमध्ये स्विफ्टची ३० पीएसआय हवा इतक्या हलक्या गाडीला फार होते. थंड टायरला २० ते २२ ने सुरुवात करा, गरम झाल्यावर २५ च्या आसपास येऊ द्या. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, नाहीतर वळणातून बाहेर पडताना इंजिन उचक्या देईल आणि तुम्ही उगाच इग्निशन शोधत बसाल.

पहिल्या सेशनमध्ये फक्त तीन लॅप, अर्ध्या वेगाने. मग आत या, हँडब्रेक लावू नका (तापलेले पॅड डिस्कला चिकटतात), गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. खाली वाकून रंगाच्या सगळ्या रेघा बघा, सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) रबर सायलेन्सरजवळ वितळलं नाही ना ते बघा, आणि चाकं हाताला कोमट लागेपर्यंत थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर पाच-सहा लॅप. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये. निळा म्हणजे मागच्याला जाऊ द्या. काळ्यावर नारिंगी गोल दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड बाहेरून दिसतोय. घरी बांधलेल्या गाडीला हाच झेंडा दिसण्याची शक्यता सर्वाधिक, तेव्हा कडेकडेने आत या आणि काय गळतंय ते बघा.