आधी हालचाल, मग स्विच

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे असून मोटर न्यूरॉन आजारामुळे अंथरुणाला खिळले आहेत. बोलणे जवळजवळ थांबले आहे. उजवा अंगठा किंचित हलतो आणि भुवया उचलता येतात. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच तल्लख आहे. रात्री काही हवे असले, तर त्यांनी मला उठवायचे कसे? परदेशी असलेला भाचा फुंकरीवर चालणारा स्विच पाठवतो म्हणतो. तो मागवावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मागवू नये, असे माझे मत आहे. नळी ओठांत धरून हवा ओढल्याने किंवा सोडल्याने चालणारा हा स्विच, मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या पण ओठ-गाल शाबूत असलेल्या व्यक्तींना उत्तम साथ देतो. आपल्या यजमानांच्या आजारात ओठांची पकड आणि श्वासाचे स्नायूच दुबळे होत जातात, त्यामुळे आज जमले तरी ते फार दिवस टिकण्यासारखे नाही.

आधी अंगठ्याची परीक्षा घ्यावी. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी देऊन, आपण ‘आता’ म्हटल्यावर अंगठा दाबायला आणि लगेच सोडायला सांगावे, असे दहा वेळा करून किती वेळा जमले ते लिहून ठेवावे, आणि संध्याकाळी ते थकलेले असताना हेच पुन्हा करावे. भुवईचीही अशीच नोंद ठेवावी. मात्र खोकताना किंवा जांभई देताना ती आपोआप उचलली जात नाही ना, हे पाहावे. जोरापेक्षा खात्रीला महत्त्व आहे.

अंगठा चालत असेल, तर हलक्या स्पर्शाचा मायक्रोस्विच पुरेल. रात्रीसाठी विजेच्या दुकानात मिळणारी वायरलेस कॉलबेल घ्यावी. तिचे बटण त्यांना जड जाईल, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडून बटणाच्या दोन टोकांना तारा जोडून ३.५ मिलिमीटरचे सॉकेट बसवून घ्यावे; बहुतेक सहायक स्विचची पिन याच मापाची असते. हे फक्त बॅटरीवरच्या बटणासाठी सांगतो आहे, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या बेलला हात लावू नये. स्विच बोटभर सरकला तरी अंगठा पोहोचत नाही, तेव्हा तो नीट बसलेला असताना हाताचा फोटो काढून पलंगाशी लावावा, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही तसाच ठेवता येईल.

फोनसाठी खर्च करण्यापूर्वी भुवईचा उपयोग करून पाहावा. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये ‘स्विच अ‍ॅक्सेस’ ही पडद्याला हात न लावता इशाऱ्यांवर फोन चालवण्याची सोय समोरच्या कॅमेऱ्याने भुवई उचललेली ओळखते. अंधारात कॅमेऱ्याचा भरवसा नाही, म्हणून घंटा वेगळीच हवी. पडद्यावरचा उजेड एकेका ओळीवरून सरकतो. हवी ती ओळ आली की इशारा, मग ओळीतले अक्षर आले की दुसरा इशारा. ‘पाणी’ हा शब्द प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी असा लिहिला, तर आठ इशारे होतात. म्हणून ‘कूस बदला’, ‘कफ काढा’, ‘पाणी हवे’ ही वाक्ये अखंडच पहिल्या ओळीत ठेवावीत. सरकण्याची गती आपल्या उत्साहाने ठरवू नका, त्यांना दमवणारी नसेल तीच ठेवा.

याच आजाराच्या स्टीफन हॉकिंग यांनी अनेक वर्षे हातातल्या स्विचवर संगणक चालवला आणि हात थकल्यावर चष्म्याच्या दांडीवरच्या इन्फ्रारेड सेन्सरने गालाची हालचाल टिपून काम पुढे नेले. अंगठा चालतो आहे तोवरच भुवईचा सराव सुरू करावा, असे मी सुचवतो ते यासाठीच.

प्रश्न : सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या माझ्या सात वर्षांच्या मुलीची मूठ खेळण्याच्या स्विचवर आवळली जाते, पण सुटत नाही. खेळणे एकसारखे वाजत राहते.
— एक पालक, लातूर

उत्तर : स्विचची जागा बदलावी. मान वळवता येत असेल, तर खुर्चीच्या डोके टेकायच्या भागावर गालाच्या बाजूला स्विच बसवून पाहावा. पाय जमिनीवर आणि पाठ टेकलेली असल्यास अशी हालचाल बरीच सोपी जाते. खेळणे आणि स्विच यांच्यामध्ये टायमर जोडला, की एका दाबावर ते ठरावीक सेकंदच चालेल आणि पुन्हा हवे असल्यास तिला पुन्हा दाबावे लागेल. पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नये.