गरोदर असल्याचे कळवल्यावर कंपनी राजीनामा मागत आहे. सही करावी का?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यातील एका खासगी कंपनीत तुम्हाला दोन वर्षे झाली, पाचवा महिना लागल्यावर तुम्ही वरिष्ठांना कळवले आणि आठवड्याभरात एचआरने बोलावून सांगितले की कामगिरी समाधानकारक नाही, स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवपत्र चांगले देऊ. घरचे म्हणतात की अशा अवस्थेत वाद नको. माझे उत्तर असे आहे की सही करू नका, आणि हे मी वकील म्हणून नव्हे, तर त्याच खुर्चीवर बसून आलेली बाई म्हणून सांगत आहे.

2019 साली मी ज्या कंपनीत होते तिथे मला दुपारी चार वाजता बैठकीच्या खोलीत बोलावले गेले. राजीनामा आधीच छापून टेबलावर ठेवलेला होता, त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द होते, फक्त तारखेची जागा कोरी होती, आणि शेजारी ठेवलेल्या पेनाचे टोपणसुद्धा काढून ठेवलेले होते. मी एक दिवसाची मुदत मागितली. त्या रात्री मी एचआरला ईमेल लिहिला की आज चार वाजता आपण मला राजीनाम्यावर सही करण्यास सांगितले, मी पाच महिन्यांची गरोदर असल्याचे आपणास अमुक तारखेला लेखी कळवले आहे, आणि माझी नोकरी सोडण्याची इच्छा नाही. पुढे जे काही मला मिळाले, ते या चार ओळींमुळे मिळाले, असे मी आजही मानते.

कारण असे की कायदा ज्या स्त्रीला काढले जाते तिच्या पाठीशी स्पष्टपणे उभा राहतो, पण जी स्वतःहून गेल्याचे कागदावर दिसते तिला आधी हे सिद्ध करावे लागते की ती स्वतःहून गेलेली नाही. मातृत्व लाभ अधिनियम 1961 च्या कलम 12 नुसार प्रसूतीच्या रजेवर असताना किंवा त्या रजेच्या कारणावरून स्त्रीला कामावरून काढणे बेकायदेशीर ठरवले होते, आणि गरोदरपणात काढले तरी, ती एरवी पात्र असती तर, तिचा मातृत्व लाभाचा हक्क बुडत नाही असे म्हटले होते. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये सामावला गेला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, मात्र हे संरक्षण तिच्यातही कायम आहे. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे, पण ‘कामगिरी समाधानकारक नाही’ हे गंभीर गैरवर्तन नव्हे, म्हणूनच तर ते तुमच्याकडून राजीनामा मागत आहेत. त्यांच्याकडे भक्कम कारण असते तर तुमच्या सहीची त्यांना गरज पडली नसती.

तुमची पात्रता तपासणे सोपे आहे. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे, ते तुमचे कधीच झाले आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असून तुम्ही ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असाल, तर पैसे कंपनीकडून नव्हे, तर ईएसआय महामंडळाकडून मिळतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मलाही सांगून घाबरवले गेले होते: ‘तुम्ही इंजिनिअर आहात, कामगार नाही, तुम्हाला कामगार कायदे लागू होत नाहीत.’ मातृत्व लाभासाठी हा मुद्दा गैरलागू आहे. त्या कायद्याला स्त्री वेतनावर नोकरीत असणे पुरेसे असते, तिचे पद कोणते हे तो विचारत नाही. कंत्राटी असल्यानेही हक्क जात नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हा लाभ दिला, आणि 2023 साली एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात तर कंत्राटाची मुदत संपली तरी 26 आठवड्यांचा लाभ द्यावाच लागेल असा निर्णय दिला. पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम तर 1981 सालीच रद्द झाला होता. इतक्या वर्षांनंतरही आपल्यासमोर तोच कागद सरकवला जातो, याचा मला अजून संताप येतो.

मी सही न केल्यावर अकराव्या दिवशी मला कामावरून कमी केल्याचे पत्र आले, त्यात कामगिरीचे कारण होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमधले मूल्यमापन, ज्यात माझा शेरा उत्तम होता, मी आधीच घरच्या ईमेलवर घेतलेले होते. कामगार विभागाच्या निरीक्षकांकडे तक्रार केली, दोन सुनावण्या झाल्या, आणि मुलगी चार महिन्यांची असताना पूर्ण रक्कम खात्यात आली. नोकरी परत मागण्याची ताकद मात्र तेव्हा माझ्यात उरली नव्हती.

माझ्याबरोबर निरीक्षकांच्या कार्यालयात माझी एक जुनी सहकारीही आली होती. तिने वर्षभरापूर्वी कंपनीच्या त्याच बैठकीच्या खोलीत सही केली होती. निरीक्षकांनी तिचा राजीनामा दोनदा वाचला आणि शांतपणे विचारले, ‘सही तुमचीच ना?’ ती ‘हो’ म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. दबाव टाकून घेतलेला राजीनामा न्यायालयात आव्हान देता येतो, पण त्या खोलीत कोणी साक्षीदार नव्हता आणि तिच्याकडे त्या दिवसाचा एकही ईमेल नव्हता.

म्हणून आज रात्रीच एचआरला ईमेल करा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. डॉक्टरांचे गरोदरपणाचे प्रमाणपत्र जोडून रजेची लेखी सूचनाही द्या. वेतनपत्रके, नेमणूकपत्र आणि मूल्यमापन कंपनीचा लॅपटॉप परत जाण्यापूर्वी हाताशी असू द्या, कंपनीच्या ग्राहकांची माहिती मात्र त्यात चुकूनही येऊ देऊ नका. लाभ नाकारल्याचा आदेश आलाच तर अपिलासाठी 60 दिवस असतात, तेव्हा बाळंतपण होऊन जाऊ दे मग बघू असे म्हणू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 नुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.

घरच्यांना सांगा की हा वाद तुम्ही सुरू केलेला नाही. आणि एचआरने पुन्हा बोलावले तर ‘कागद वाचायला घरी नेते’ एवढेच म्हणा. त्यांनी तो नेऊ दिला नाही, तर तेही त्याच रात्री ईमेलमध्ये लिहा.