आरमार की ताफा?

1805 सालच्या ट्रफाल्गरच्या सागरी लढाईवरील लेखाचे भाषांतर करताना ‘ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सन आणि फ्रेंच आरमारप्रमुख व्हिल्नव्ह’ असे लिहावे का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते लिहू नये, कारण येथे ‘आरमार’ हा शब्दच चुकीच्या जागी पडतो.

पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला हा शब्द मराठीत राज्याच्या समुद्रावरील सगळ्या बळासाठी रूढ झाला, त्यात जहाजे, खलाशी, गोद्या, दारूगोळा हे सारेच येते. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले असे आपण म्हणतो, ताफा उभारला असे म्हणत नाही. ताफा म्हणजे एका कामगिरीवर एकत्र निघालेला समूह, मग तो गाड्यांचा असो वा जहाजांचा.

1805 मध्ये ब्रिटनच्या आरमाराचा कारभार लंडनमधील ॲडमिरल्टी या सरकारी खात्याकडे होता आणि तिचे प्रमुखपद लॉर्ड बारहॅम यांच्याकडे होते. व्हाइस ॲडमिरल दर्जाचा नेल्सन भूमध्य समुद्रातील ताफ्याचा सेनापती होता, आणि लढाईच्या दिवशी, 21 ऑक्टोबरला, त्या ताफ्यात 27 मोठी जंगी जहाजे होती. (त्यांना ‘गलबते’ही म्हणू नये, नेल्सनच्या 104 तोफांच्या ‘व्हिक्टरी’ जहाजापुढे आपले गलबत फारच लहान.) कान्होजी आंग्रे यांचे ‘सरखेल’ हे पद नेल्सनला लावण्याचा मोह होईल, पण सरखेलाकडे मराठ्यांचे सबंध आरमार होते, तसे नेल्सनकडे ब्रिटनचे नव्हते.

व्हिल्नव्हच्या बाबतीत तर ‘फ्रेंच आरमारप्रमुख’ म्हणणे दोन्ही बाजूंनी खोटे पडते. त्याच्या 33 जहाजांपैकी 15 स्पेनची होती आणि त्यांचा सेनापती ग्राविना त्याच्या हाताखाली लढत होता. उलट फ्रान्सचाच दुसरा मोठा ताफा गांतोमच्या हुकमतीखाली ब्रेस्ट बंदरात इंग्रजांच्या नाकेबंदीत अडकून पडला होता. म्हणून ‘ब्रिटिश ताफ्याचा सेनापती नेल्सन आणि फ्रेंच-स्पॅनिश संयुक्त ताफ्याचा सेनापती व्हिल्नव्ह’ असे लिहावे. वाक्य लांबते खरे, पण माणसे आपापल्या जागी बसतात.

पुढच्या वर्णनासाठी मात्र ‘फळी फोडणे’ हा आपला वाक्प्रचार निःशंक वापरावा. नेल्सन आणि त्याचा दुय्यम सेनापती कॉलिंगवुड यांनी दोन रांगांनी शत्रूच्या लांबलचक ओळीत घुसून ती तोडली, त्यामुळे तो येथे शब्दशः लागू पडतो. शेवटी ‘फ्रेंच आरमार संपले’ असे लिहिण्याचेही टाळावे, कारण त्या दिवशी ताफा मोडला, व्हिल्नव्ह कैद झाला, तरी नेपोलियनने पुढेही नवी जंगी जहाजे बांधणे चालूच ठेवले.