विझ (WiZ) कंपनीचा वायफाय बल्ब पायथन स्क्रिप्टने चालतो, पण लाईट जाऊन आली की स्क्रिप्टला सापडत नाही, काय करू?

भाऊ, बल्ब चांगलाय, त्याचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला पत्ता, बदलतोय. आमच्याकडे भुसावळला उन्हाळ्यात दिवसातून दोनतीनदा लाईट जाते, आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि तुमची स्क्रिप्ट जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसते. राउटरच्या सेटिंगमधे डीएचसीपी रिझर्व्हेशन (एका वस्तूला कायम एकच पत्ता देण्याची सोय) शोधा, बल्बचा मॅक अ‍ॅड्रेस (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून आयपी कायमचा बांधून टाका, निम्मं दुखणं तिथंच संपतं.

बाकी सोपंय. विझचा बल्ब ३८८९९ पोर्टवर यूडीपीने (नेटवर्कवर मेसेज पाठवायची साधी पद्धत) साधा जेसन (ठरलेल्या साच्यातला मजकूर) घेतो, मेथड सेटपायलट (setPilot), स्टेट ट्रू, डिमिंग ४०, की झाला मंद. क्लाउड लागत नाही, नेट बंद असलं तरी वायफाय चालू पाहिजे एवढंच, आणि अ‍ॅपमधे लोकल कम्युनिकेशन चालू आहे ना बघा. तयार लायब्ररी हवी तर पायविझलाईट (pywizlight) घ्या, ती पायथनच्या असिंकआयओवर (asyncio) चालते म्हणून तिच्या फंक्शनपुढे अवेट (await) लिहायला विसरू नका.

यूडीपीत मेसेज पोचलाच याची खात्री नसते, म्हणून मी पाठवल्यावर उत्तर येतंय का बघतो, दोन सेकंदात नाही आलं तर परत पाठवतो. आईच्या खोलीतला बल्ब पहाटे पाचला हळूहळू उजळतो, तो असाच चालू आहे.