कार्डाचं प्रकरण मिटलं, घर मात्र अडलं

“मॅडम, क्रेडिट कार्डाचं मी केव्हाच मिटवलंय. पत्र आहे माझ्याकडे. मग बँका नाही का म्हणतात?”

२०२४च्या पावसाळ्यात हे जोडपं सल्ल्यासाठी माझ्याकडे आलं. तो चाकणला कारखान्यात सुपरवायझर, ती एका दवाखान्यात हिशेब सांभाळते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ४२ लाखांचा फ्लॅट बघून ठेवलेला, टोकन दिलेलं आणि तीन आठवड्यांत गृहकर्जाला पाच ठिकाणांहून नकार. सिबिल स्कोअर, म्हणजे उधारी कशी फेडली त्यावरून मिळणारा आकडा, ६१२. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एकदा खराब झालेला सिबिल सुधारतो का हो? की आता आमचं घर होणारच नाही?”

हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सुधारतो. पण ३०० ते ९०० मधल्या त्या आकड्याकडे टक लावून बसल्याने नाही. त्याच्यामागचा रिपोर्ट वाचावा लागतो आणि तो या दोघांनी एकदाही उघडला नव्हता. सिबिलसकट अशा कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्याकडे आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७पासून आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. आम्ही चारही काढले.

आधी ते पत्र. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्याचा पगार निम्म्यावर आला होता. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत मिळाली, ती त्याला माफीच वाटली. व्याज मात्र चढत राहिलं. पुढे कार्डाची थकबाकी ८४ हजारांवर गेली, वसुलीवाल्यांचे फोन कारखान्यात यायला लागले. शेवटी एकाने फोनवर सांगितलं, “पस्तीस हजार भरा, विषय संपला.” त्याने बायकोला न सांगता पैसे उभे केले आणि भरले. पत्रात शब्द होता ‘सेटलमेंट’.

खरी गोम तिथेच होती. आपण ‘मिटवलं’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात ‘फेडलं’ असतं. बँकेच्या वहीत त्याचा अर्थ ‘४९ हजार सोडून द्यावे लागले’ असा होतो. रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ लागलं. उद्या ३३ लाख देणारा अधिकारी तो शब्द वाचून थांबला, तर मी त्याला दोष देणार नाही. दोष द्यायचाच तर फोनवर ‘विषय संपला’ म्हणणाऱ्याला देईन.

दुसरी नोंद पाहून दोघंही चकित झाले. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा शेवटचा हप्ता बाउन्स झाला होता. पैसे त्याने दोन दिवसांत भरले, पण बाउन्सचे ५९० रुपये राहून गेले. नंबर बदललेला, त्यामुळे मेसेज पोचले नाहीत. त्या ५९० रुपयांसाठी खातं दोन वर्षं थकीत दिसत होतं.

आणि पाच नकार? लोन एजंटाने फाइल एकदमच पाच ठिकाणी लॉगिन, म्हणजे दाखल, केली होती. प्रत्येक बँकेने रिपोर्ट मागवला की त्याची नोंद होते. अशा नोंदी थोड्या दिवसांत साचल्या की माणूस कर्जासाठी वणवण फिरतोय असं दिसतं. म्हणून पहिलं काम सांगितलं, की वर्षभर कर्जासाठी कुठेही अर्ज करायचा नाही. टोकन परत मागा, नाही मिळालं तर सोडून द्या. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. त्याने मध्येच विचारलं, “मग हिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर?” तिचा रिपोर्ट स्वच्छ होता, पण पगार २२ हजार. तेवढ्यावर तेवढं कर्ज बसत नाही. आणि तो सहअर्जदार झाला की त्याचाही रिपोर्ट उघडणारच.

मोबाइलचे पैसे त्याच दिवशी भरले. कार्डाचं काम लांबलं. उरलेले ४९ हजार भरायची तयारी आहे, भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ दाखवून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, देणार का, हे आम्ही बँकेला लेखी विचारलं. उत्तर हातात येईपर्यंत एक रुपया भरू दिला नाही. ‘आधी भरा, मग बघू’ या वाक्यावर लोकांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. उत्तर यायला दोन महिने लागले. मग त्याचा बोनस आणि तिची भिशी एकत्र करून पैसे भरले. भिशी द्यायच्या आधी ती त्याच्याशी काय बोलली मला माहीत नाही. पुढच्या भेटीला फाइल तिच्या हातात होती.

नो ड्यूज मिळूनही रिपोर्ट जसाच्या तसा. तेव्हा सिबिलकडे तक्रार टाकली. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, हा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. पत्रात तो नुसता नमूद केला आणि पंचविसाव्या दिवशी शब्द बदलला. जुने उशिराचे महिने मात्र तसेच राहिले. खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही. ‘सात दिवसांत सिबिल साडेसातशे’ म्हणणाऱ्या एकाला त्याने माझ्याकडे येण्याआधीच तीन हजार दिले होते, ते त्याने मान खाली घालून सांगितलं.

जुनं पुसता येत नाही, तर त्याच्यापुढे नवं चांगलं लिहिलं जायला हवं. म्हणून वीस हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्यायला सांगितलं. तो जवळजवळ उठलाच. “परत कार्ड?” मी म्हटलं, फक्त पेट्रोल. लिमिटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहायचं आणि ‘मिनिमम ड्यू’ नाही, पूर्ण बिल भरायचं. काहीच उधार न घेणाऱ्याबद्दल रिपोर्टला बोलायला काही नसतं. आपल्या संस्कारांना हे उलटं वाटतं, मलाही वाटतं, पण ही वही तशीच चालते.

मधल्या काळात तो रोज सकाळी स्कोअर बघायचा. बँका त्या वेळी पंधरा दिवसांनी माहिती पाठवायच्या (जानेवारी २०२५च्या आधी महिन्याने), तेव्हा रोज बघून हाती काही लागत नाही, हे सांगून पाहिलं. सवय गेली नाही. चार महिने आकडा हललाच नाही, मग एकदम ६६८ झाला. एका महिन्यात चार गुण कमी झाले तेव्हा रात्री साडेदहाला फोन. लिमिट वीस हजार आणि दिवाळीत कार्डावर चौदा हजार खर्च झाले होते, एवढंच. बिल वेळेवर भरलं होतं, पुढच्या महिन्यात आकडा सावरला.

या वर्षभरात एक फायदा झाला, जो आम्ही ठरवला नव्हता: स्वतःचे पैसे साठवायला वेळ मिळाला. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे ४२ लाखांच्या घराला ८ लाख ४० हजार खिशातले, शिवाय स्टँप ड्यूटी. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे पाच होते. उरलेले ते पर्सनल लोन काढून भरणार होते! बँका नाही म्हणाल्या ते बरंच झालं, असं मी तेव्हा त्यांना बोलून दाखवलं नाही.

चौदा महिन्यांनी स्कोअर ७३१. या वेळी अर्ज एकाच बँकेत, सोबत नो ड्यूज आणि २०२०च्या पगाराच्या पावत्या. कर्ज मंजूर झालं. जुना फ्लॅट गेला होता, शेजारच्या इमारतीत थोडा लहान मिळाला. व्याज मात्र तिच्या मैत्रिणीपेक्षा पाव टक्का जास्त लागलं, ते त्याला फार लागलं. रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराशी, जोडलेल्या कर्जात कर्जदाराची पत बरीच सुधारली तर त्या जोखमीपोटीचा अधिभार कमी करून मागता येतो, हे मी त्याला सांगितलं. वर्षभर हप्ते चुकवू नका, मग लेखी अर्ज करा. अर्जाची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.