जाती जास्त, तर कार्बनही जास्त?

प्रश्न : वर्षावनात झाडांच्या जाती जितक्या जास्त, तितका कार्बन जास्त साठतो असं वाचलं. मग नुसत्या जाती मोजल्या तर कार्बनचा अंदाज येईल का?

उत्तर : नाही येणार. २० बाय २० मीटरच्या चौकोनात जाती वाढल्या की कार्बन थोडा वाढलेला दिसतो, कारण उन्हातली आणि सावलीतली झाडं एकाच जागेत वर-खाली सामावतात. हेक्टरभराच्या तुकड्यात मात्र हा संबंध जवळपास पुसला जातो. काँगोच्या खोऱ्यात गिल्बर्टिओडेंड्रॉन डेव्हेव्रेई या एकाच जातीच्या झाडांचं राज्य असलेली जंगलं आहेत, आणि तिथे कार्बन भरपूर आहे.

हिशेब ठरतो तो खोडाची जाडी, उंची आणि लाकडाची घनता यांवर. २०१४ पासून प्रचलित असलेलं सूत्र असं : घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी), व्यासाचा वर्ग (सेंमी) आणि उंची (मीटर) यांचा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात घ्या आणि ०.०६७३ ने गुणा. जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन किलोत मिळतं, त्याचा ०.४७ भाग कार्बन. ६० सेंमी व्यासाचं, ३० मीटर उंच झाड घ्या. घनता ०.६ असेल तर कार्बन सुमारे १,५७० किलो, ०.३ असेल तर जेमतेम ८००. म्हणून जात ओळखायची ती घनतेसाठी. घनता स्वतः काढत असाल तर ओल्या तुकड्याचं आकारमान पाण्यात बुडवून घ्या, मग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. आकारमान वाळल्यावर घेतलं तर लाकूड आकसलेलं असतं आणि घनता फुगते.

प्रश्न : आधारमुळं (खोडाच्या तळाशी फळ्यांसारखी पसरलेली मुळं) असलेल्या झाडाचा घेर कुठे घ्यायचा?

उत्तर : एरवी १.३ मीटरवर, आधारमुळं असतील तर ती संपतात तिथून ५० सेंमी वर, शिडी लावून. ६० सेंमीच्या खोडाचा व्यास मुळांवरून ९० भरला, तर कार्बन दुपटीहून जास्त निघतो. टेप खोड आणि महावेली यांच्या मधून सरकवा, वेलींवरून नको. मोजलेल्या रेषेवर रंगाची खूण करून तिची उंची वहीत लिहा : मुळं वर चढत जातात, आणि पुढच्या खेपेला जुनी रेषा त्यांच्यात गेलेली असू शकते.