डिप्लोमा मेकॅनिकलनंतर बेळगावकडच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट जॉब घ्यावा का? तिथं सेफ्टी खरंच असते का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. डिप्लोमा झालाय, एक ऑफर बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या मशीन शॉपची, दुसरी पाइपिंग-इरेक्शन करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची, आणि घरचे म्हणूलेत की साइटवर माणसाच्या जिवाला किंमत नसते, ते खरं काय, असं विचारलायस.

काम शिकायचं असेल तर कॉन्ट्रॅक्टिंगच. मशीन शॉपमध्ये एका सीएनसीवर उभा राहशील, संध्याकाळी घरी जेवशील, ते वाईट नाही. खरं साइटवर पाइपचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग वाचण्यापासून फिटअप, रिगिंग, हायड्रोटेस्ट, वेल्डरांची हजेरी, क्लायंटच्या इंजिनिअरशी वादावादी, इंच-डायाचं (पाइपच्या जोडांचा व्यास इंचात मोजून होणारं) बिल, सगळं एका सीझनमध्ये अंगावर पडतं. आपल्याकडं अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक सगळीकडं साखर कारखाने, गाळप थांबलं की आमचं काम सुरू, बॉयलरच्या ट्यूबा, ज्यूसच्या लाइनी, टाक्या, आणि हे सगळं दसऱ्याच्या आत उरकायचं कारण बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरलेला असतो. उरलेलं वर्ष तोरणगल्लूचा स्टील प्लांट, मंगळूर नाहीतर गुजरात. एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा भात, घरी सणाला पोचशील याची गॅरंटी नाही. हे जमत असेल तर पुढं वाच.

सेफ्टीचं म्हणशील तर हेल्मेट, बूट, हार्नेस (उंचीवर अडकवायचा पट्टा) आता बहुतेक ठिकाणी देतात. हार्नेस घालून हुक कंबरेलाच लटकवून फिरणारे पण रोज दिसतात, तो भाग वेगळा. मी इतक्या वर्षांत एकच खूण बघितली. ज्या साइटवर सुपरवायझरनं काम थांबवलं आणि त्याची नोकरी शाबूत राहिली, तिथं सेफ्टी आहे. माझी राहिली नव्हती, म्हणून सांगतोय.

एका कारखान्यात (नाव सांगत नाही) बॉयलरच्या फीड वॉटरची स्टेनलेस स्टीलची टाकी होती, अडीच मीटर व्यास, चार मीटर उंची, वर एकच मॅनहोल उघडं, खालचे नोझल (पाइप जोडायची तोंडं) सगळे ब्लाइंड, म्हणजे झाकणं, मारून बंद. आत नवीन नोझलचं टिग वेल्डिंग (आर्गॉन गॅस लावून करतात ते) चाललं होतं. मी कंपनीच्या पे-रोलवर सुपरवायझर, गँग आमच्या दाजींची, म्हणजे फिटर, खलाशी, हेल्पर ते पुरवायचे आणि कंपनी त्यांना इंच-डायावर पैसे द्यायची. मला नोकरी पण दाजींच्याच ओळखीनं लागलेली. मुहूर्ताला दोन दिवस राहिलेले, चेअरमनच्या फोटोचे बॅनर गेटवर लागलेले.

सकाळी गेलो तर एक हेल्पर, कणकुंबीकडचा पोरगा, मॅनहोलमध्ये एक पाय टाकून बसलेला. काय करूलास म्हटलं, तर म्हणाला, "मामा, ग्राइंडर तळाला राहिलाय, आणतो की आत्ता." आत उतरायचं परमिट आदल्या दिवशीचं, ते शिफ्टबरोबर संपलेलं. आणि मी बघितलं की टिगचा टॉर्च आत लोंबकळतोय, होज रात्रभर तशीच आत, सिलिंडर बंद केलेला नाही, आणि गेजचा काटा शून्यावर, म्हणजे सगळा आर्गॉन टाकीत गेलेला. एका आर्गॉन सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर गॅस असतो आणि टाकी सगळी मिळून २० घनमीटरच्या आसपास. हिशोब तूच कर. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा साधारण १.४ पट जड, म्हणजे तो हवा बाजूला सारून तळाला बसतो, जिथं ग्राइंडर होता तिथंच.

पोराला कॉलरला धरून बाहेर ओढला. कंपनीकडं ऑक्सिजन मोजायचा गॅस मीटर नव्हताच, कारखान्याच्या सेफ्टी डिपार्टमेंटचा मागून आणला. मॅनहोलच्या तोंडाशी धरला तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, कुणीही म्हणेल चालतंय की. दोरीला बांधून तळाला सोडला तर ११ दाखवला. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली माणूस आत सोडायचा नाही हा बहुतेक ठिकाणचा नियम. ११ ला डोकं चालत नाही, हातपाय ऐकत नाहीत, शिडी चढून वर येणं होत नाही. म्हणून मीटर वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी लावायचा असतो, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

मग आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आला. त्याचा उपाय काय, तर गॅस कटिंगचा ऑक्सिजनचा पाइप आत सोडा, पाच मिनिटात ऑक्सिजन वर येतंय. हे वाक्य तुला कुठल्याही साइटवर ऐकायला मिळेल आणि ऐकलंस की तिथून हलू नको, थांबव. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की अंगावरचे कपडे, तेलकट हातमोजे, ग्रीस, सगळं ठिणगीसरशी पेटतं, आणि आत ठिणग्याच पाडायच्या होत्या. मी नाही म्हटलं. तो म्हणाला मुहूर्त चुकला तर क्लायंट पेनल्टी लावेल, ती तुझ्या पगारातून कापू काय. मी म्हटलं कापा. टाकीच्या तोंडावर मीच बसलो, कुणाला उतरू दिलं नाही. कारखान्याच्या स्टोअरमधून ब्लोअर आणला, डक्ट तळापर्यंत सोडली, खालच्या एका नोझलचं ब्लाइंड काढलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मीटर तिन्ही ठिकाणी २०.९ आला तेव्हा नवीन परमिट काढून माणूस सोडला, बाहेर एक माणूस दोरी धरून, आत २४ व्होल्टचा दिवा. यात मी नवीन काही केलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३६ आणि ३६ क मध्ये हेच लिहिलेलं होतं, जबाबदार माणसाची लेखी तपासणी नाहीतर श्वासाचं उपकरण आणि पट्टा-दोरी, आणि दिवा २४ व्होल्टच्या वर नको.

रात्रभर काम करून टाकी दिली आणि मुहूर्त वेळेवर झाला. तरी सीझन संपल्यावर पुढच्या साइटच्या यादीत माझं नाव नव्हतं. तुझा स्वभाव साइटला जमत नाही, असं सांगितलं.

त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही जेवढं दाजींच्या बोलण्याचं वाटलं. आजपण घरी कार्य असलं, चार माणसं जमली, की दाजी हाच विषय काढतात. एक म्हणजे, पोरगा दोन मिनिटात जाऊन आला असता. दुसरं, पडला असता तर आम्ही होतो की काढायला. तिसरं, इतकी वर्षं गँग चालवतोय, माझा एक माणूस गेला नाही.

दाजी मला मोठे आहेत, ताईचं घर त्यांनी चांगलं चालवलंय, मी त्यांच्या तोंडावर आवाज चढवत नाही. खरं इथं लिहितो. काढायला उतरणाराच जास्त मरतो. अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं १९८६ मध्येच सांगितलंय की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांच्या वर माणसं वाचवायला गेलेली असतात. मळीच्या टाकीच्या, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) खड्ड्याच्या बातम्या काढून बघ, एक पडला, त्याला काढायला भाऊ उतरला, मग तिसरा. त्या सकाळी पोरगा पडला असता तर पहिले दाजीच उतरले असते, मी त्यांना ओळखतो, ते मागं राहणारे नाहीत. ताईला मी काय सांगितलं असतं? आणि एक माणूस गेला नाही म्हणता तर त्यात त्या सकाळचा पण हिशोब आहे. काम थांबवल्यानं गँगचं बिल अडकलं म्हणून दाजी माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, ते बिल पुढच्या महिन्यात एक रुपया न कापता निघालं.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याच भागात जास्त आहे. त्या कारखान्यात सकाळचा टूलबॉक्स टॉक (कामाआधी सेफ्टीचं सांगतात तो) कन्नडमध्ये व्हायचा, परमिटचा फॉर्म इंग्लिशमध्ये, वेल्डर बिहार-ओडिशाचे हिंदीवाले, आणि गँग खानापूर-निपाणीकडची मराठी. त्या पोराला "आत जायचं नाही" हे कुणी कळेल असं सांगितलेलंच नव्हतं, रजिस्टरवर सही मात्र होती. मी सीमाप्रश्न काढत नाही, माझे अर्धे मित्र कन्नड आहेत आणि मला कन्नड येतं. खरं सुपरवायझर म्हणून तिन्ही भाषांत दोन-दोन वाक्यं बोलायला शिकच, आणि सांगून झाल्यावर समोरच्याकडून परत वदवून घे. मी आता जिथं आहे तिथं हे रोज करतो, पाच-दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

पगाराचं विचारलंयस. सुरुवातीला मशीन शॉपपेक्षा थोडा बरा मिळतो, साइट अलाउन्स धरून, पुढं ओव्हरटाइमवर. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागायलाच पाहिजे, तुझे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५, आणि कामावर इजा होऊन घरी बसलास तर रोजाच्या ९० टक्के मिळतात. हे पैसे पगारातून कापतात आणि भरतच नाहीत असं करणारे छोटे कॉन्ट्रॅक्टर आहेत, म्हणून पहिल्याच महिन्यात ईएसआयचा नंबर आणि पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर) माग, मोबाइलवर उघडून जमा झालंय का बघ. लाजू नको. बाबांना पण दाखव, घरच्यांची निम्मी काळजी तिथंच कमी होईल.

हे पण सांगायला पाहिजे की मी बोलतोय ते जास्त करून साखर कारखान्यांच्या आणि छोट्या-मध्यम कंपन्यांच्या अनुभवावरून. रिफायनरी, मोठे स्टील प्लांट इथं परमिट सिस्टिम कडक असते, तिथं मीटरशिवाय मॅनहोल उघडत पण नाहीत, मी स्वतः काम केलंय. आपल्याकडचे पण काही कॉन्ट्रॅक्टर मनापासून चांगले आहेत, मी सध्या अशाच एकाकडं आहे. आणि मशीन शॉपमध्ये अपघात होत नाहीत असं पण नाही, पॉवर प्रेसवर बोटं गेलेले लोक उद्यमबागेत भेटतील तुला.

तर इंटरव्ह्यूला गेलास की पगाराच्या आधी दोन गोष्टी विचार. कंपनीचा स्वतःचा गॅस मीटर आहे काय आणि त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं. आणि तुमच्या सुपरवायझरनं काम थांबवलं असं शेवटचं कुठं झालं, पुढं त्या माणसाचं काय झालं, तो आहे का अजून कंपनीत. पटकन एखादी साइट, एखादं नाव सांगितलं तर जॉइन हो. आमच्याकडं थांबवायची वेळच येत नाही म्हणाले तर सध्या उद्यमबागेतली ऑफर घे आणि वर्षभरात दुसरी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी बघ.